खाली जागा

आमच्या डेअरीचं कँटीन चांगलं होतं. पंखे होते, थंड पाणी होतं, अधूनमधून कढीसुद्धा मिळायची. तरी पागेकाका डबा काखेत मारून कधी बॉयलरच्या मागे, कधी दुधाच्या टँकरांशेजारी, कधी सांडपाण्याच्या टाक्यांपाशी घडीचं स्टूल टाकून जेवायला बसायचे. नवीन माणूस हळूच विचारायचा, "साहेब रुसलेबिसलेत का कुणावर?" मी म्हणायचे, "रुसले नाहीत बाबा, ड्यूटीवर आहेत." खरंच होतं ते. कुठे काही बसवायचं असलं, पंप असो, पाइप असो, नाहीतर नुसता हात धुवायचा नळ, काका आधी तिथे जाऊन पोळीभाजी खाऊन यायचे. "जिथं घास घशाखाली उतरत नाही, तिथं दुसऱ्याला दिवसभर उभं कसं करायचं, सांग बरं?" असं वर मलाच विचारायचे. जसं काही मीच कुणाला उभं करून आले होते!

मी देवासची, घर मराठी, शाळा हिंदी. डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासते आणि पाणीही तपासते. काका ईटीपीचे प्रमुख होते. कारखान्याचं सांडपाणी साफ करून मगच बाहेर सोडायचं, त्या विभागाला आमच्याकडे सगळे ईटीपी म्हणतात. तिथल्या पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे यायच्या, त्यामुळे काकांशी रोजचा संबंध. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग, आणि चालताना स्वतःशीच बोलायची सवय. इंजिनीयर होते, पण हेल्मेट त्यांच्या डोक्यावर कधी नीट बसलं नाही.

काकांच्या तीन भाषा होत्या आणि तिघींची कामं वाटून दिलेली होती. काम हिंदीत, माया माळवीत आणि राग मराठीत. कुणी व्हॉल्व्ह उघडा टाकून चहाला गेला की काका हात मागे बांधून सुरू व्हायचे, "अरे गाढवा, तुझी अक्कल काय चरायला गेली होती? टाकी भरून वाहिली की तू येणार का चमच्यानं भरायला?" समोरचा माणूस एकही शब्द न कळता आदरानं उभा. "साब आज फिर मंतर पढ़ रिया है," असं मागे कुजबुजायचे. मी एकदा विचारलं, काका, हिंदीत का नाही रागवत? तर म्हणाले, "त्याला कळलं तर त्याचा दिवस खराब. नाही बोललो तर माझा खराब. मराठीत दोघांचंही भागतं." मला मात्र सगळंच कळायचं, म्हणून माझ्यावर चिडले की बिचाऱ्यांना इंग्रजीचा आसरा घ्यावा लागायचा.

घर धारला. पूर्वज कधीकाळी तिथल्या दरबारात चाकरीला आले आणि धारचेच झाले. काका देवासला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारपासून घड्याळाकडे बघायला लागायचे. एकदा नवरात्रात त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. त्या घराचा एक नियम होता. ज्याच्या तोंडून हिंदी शब्द निघेल, त्यानं पानावरून उठायचं आणि सगळ्यांना पाणी वाढायचं. मी त्या दिवशी जेवले कमी आणि तांब्या घेऊन फिरले जास्त. "बस", "थोडासा", "अच्छा", काय बोलेन त्यात मी पकडली जात होते. मालूकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, भारी मिश्कील बाई. वाढता वाढता काकांना म्हणाल्या, "इकडच्या स्वारीला पुरण आणखी हवंय का?" आणि काका तितक्याच गंभीरपणे, "आपण वाढावं, आम्ही गिळावं." कारखान्यात "भिया, जरा पाना देना" म्हणणारा हाच माणूस! मला इतकं हसू आलं की मी "अरे यार" म्हणाले आणि पुन्हा उठले.

हे सगळं सांगते आहे ते उगाच नाही. पुढे जो घोळ झाला तो या नियमामुळेच झाला.

दूध, लोणी, पनीर यांच्या कारखान्याचं सांडपाणी साफ केलं की तळाशी गाळ उरतो. पातळ, पांढुरका, आणि वास विचारू नका. आमच्याकडे तो विटांच्या वाफ्यांत पसरून उन्हात वाळवायचे. अर्धवट वाळला की फावड्यानं खरवडून ट्रॉलीत भरायचा. हे भरायचं काम गेंदाबाईचं. ती खातेगावकडची, नवरा गेल्यावर लेकाकडे देवासला आलेली. काटक, बोलायला फटकळ. हातमोजे द्यायचे तिला, पण मोज्यात पाणी शिरायचं आणि बोटं आणखी फुटायची. साबण लावा, लिंबू चोळा, तो आंबूस वास हातांवरून जात नसे. "म्हारा हाथ की रोटी घर में कोई नी खाय," ती हसत हसत सांगायची. मला तिचं ते हसणं अजिबात आवडायचं नाही.

काकांना गाळ पिळून काढणारं यंत्र हवं होतं. त्याला स्क्रू प्रेस म्हणतात. एका तोंडानं पातळ गाळ आत घेतं, पाणी पिळून वेगळं काढतं आणि दुसऱ्या तोंडानं भुसभुशीत लगदा बाहेर टाकतं. त्या लगद्याला आमच्या धंद्यात केक म्हणतात. खरंच केक म्हणतात, मी काय करू? किती वर्षं काका मागत होते आणि किती वर्षं "देखते हैं" हे उत्तर येत होतं. शेवटी तपासणीला आलेल्या लोकांनी वाफे बंद करा असं बजावलं आणि आमचे मॅनेजर खंडेलवाल साहेब एका दिवसात राजी झाले. काकांची निवृत्ती जवळ आली होती. मला म्हणाले, "जाण्याआधी एवढं एकच करून जायचंय. गेंदाबाईचे हात त्या गाळातून बाहेर काढायचेत. आणि तिचं कामही जाऊ द्यायचं नाही."

यंत्र ठरलं, आता ते ठेवायचं कुठे? खंडेलवाल साहेबांचं म्हणणं, मागच्या भिंतीला लावून ठेवा, पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको. काका डबा घेऊन भिंतीशी जाऊन बसले. भाजीचा दुसरा घास घेतात तोच भिंतीवरून एका बाईचं डोकं वर आलं. पलीकडे वस्ती होती, दोरीवर कपडे वाळत होते.

"कंई बाउजी, घर से निकाल दियो कंई?"

"नी बेन, जग्गा देखी रियो हूं. मशीन लगानी है."

"देख लो भई. पण थांकी सगळी हवा म्हारा घर में आवे है, इत्तो ध्यान राखजो."

तिनं वर एक लोणच्याची फोडही दिली. काका परत आले आणि साहेबांना म्हणाले, "दीवार नजर को रोकती है साहब, बास को नी. उस बाई का अचार खाके आया हूं, अब वहाँ मशीन नी रख सकता." साहेबांनी कपाळाला हात लावला. मग कुणी सुचवलं, दूध उतरवतात तिथे ठेवा, वीज जवळ आहे. तिथे काका पहिला घास घेऊनच उठले. दुधाला आजूबाजूचा वास चटकन लागतो, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक आहे.

शेवटी टाक्यांच्या मागची शेवग्याच्या झाडाजवळची जागा निघाली. गाळाची टाकी तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पाइप आखूड आणि तुंबायची भीती कमी. पिळून निघालेलं पाणी आपोआप पहिल्या टाकीत परत जाईल असा उतार. मागच्या फाटकातून ट्रॅक्टर थेट आत येणार. वारा मोकळ्या शेताकडे जाणार. काकांनी तिथे आठवडाभर डबा खाल्ला, दोनदा मलाही बसवलं. खरं सांगायचं तर घास उतरला.

एकच गोष्ट महत्त्वाची होती. प्रेस उंच ओट्यावर बसवायचा आणि त्याच्या खाली ट्रॉली उभी करायची, म्हणजे लगदा सरळ ट्रॉलीत पडेल. मध्ये हात नाही, फावडं नाही. यंत्र विकणाऱ्यांच्या नकाशात फक्त यंत्राची मापं होती. ओटा कसा बांधायचा ते काका स्वतः जागेवर दाखवणार होते.

आणि नेमकं तेव्हा धारला घरचा कुळाचार आला. काका रजेवर गेले. इकडे यंत्रवाल्यांचा निरोप आला, ट्रक लवकर निघतोय, काँक्रीट ताबडतोब करा. आमचे ठेकेदार इक्बालभिया माणूस कामाचा आणि शब्दाचा पक्का. धारकडच्या नालछ्याजवळच्या गावचे, काकांवर जीव. त्यांनी माझ्यासमोरच काकांना फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून घंटा, ताटवाट्या, मालूकाकूंचं "पानं घेतली हो!" असं सगळं ऐकू येत होतं. काका सोवळ्यात असणार. घाईघाईनं बोलले, "भिया, मशीन के खाली जगह रखना. खाली जगह पूरी चाहिए. ट्रॉली आनी चाहिए उसमें. बस खाली जगह मत भूलना!"

"बिलकुल साब. खाली जगह. हो जाएगा."

मी मराठी कानानं ऐकलं, इक्बालभियांनी हिंदी कानानं. दोघांनाही अगदी लख्ख कळलं. मी लॅबमध्ये गेले, ते कामाला लागले.

काका परत आले त्या सकाळी मी बरोबर होते. शेवग्याजवळ जमिनीला समतल असा गुळगुळीत काँक्रीटचा चौथरा झाला होता, मार्बलसारखा. आणि यंत्राचं तोंड जिकडे येणार होतं तिकडे चुन्याच्या रेघा मारून एक चौकोन मोकळा सोडलेला. इक्बालभिया छाती काढून उभे. "देखो साब, खाली जगह! एक पत्थर नी रखने दिया मैंने किसी को. ट्रॉली आराम से बाजू में खड़ी होगी."

काकांचा चेहरा लाल झाला. "अरे गा..." एवढं मराठीत निघालं आणि तिथेच थांबले. मग हळूच हिंदीत विचारलं, "मैंने क्या बोला था, भिया?"

"खाली जगह रखना. मॅडम भी थीं."

"मी खाली म्हणालो," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "खाली म्हणजे नीचे!"

"नीचे बोलते तो नीचे करता ना साब," इक्बालभिया कळवळून म्हणाले. "खाली बोला, तो खाली रखी."

काका स्टूलसुद्धा न उघडता तिथेच चौथऱ्यावर बसले. आधी हसले, मग हसू गेलं. "माझी जीभ घरीच राहिली होती गं," म्हणाले. जमिनीलगतच्या प्रेसमधून लगदा जमिनीवरच पडणार. म्हणजे कुणीतरी तो उचलून ट्रॉलीत भरायला हवा. एवढ्यात गेंदाबाई येऊन उभी राहिली. तिनं चौथरा पाहिला, चौकोन पाहिला, आमची तोंडं पाहिली.

"तो बाउजी, ट्रॉली में भरेगा कौन?"

तिनं आपलं फावडं उचललं आणि वाफ्याकडे चालती झाली. मला इतका संताप आला, पण चिडायचं कुणावर? शब्दावर?

दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक. खंडेलवाल साहेब दुष्ट नव्हते, पण त्यांना काम उरकायचं होतं. "पागेजी, ट्रक रास्ते में है. तोड़फोड़ का टाइम नहीं. अच्छे वाले गमबूट दे देंगे उसको, नया फावड़ा दे देंगे. चलने दो." काका उठून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं, मनाला लागलं त्यांच्या.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. काकांची पँट गुडघ्यापर्यंत गाळानं माखलेली, बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत पांढुरके. वाफ्यातली अर्धी ट्रॉली स्वतः भरून आले होते. त्या एसीच्या बंद खोलीत वास असा पसरला की विचारू नका. काका सरळ साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हाँ साहब. अब आराम से बात करते हैं. मुझे कोई जल्दी नहीं."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, रुमाल काढला. कुणीतरी खिडकीकडे धावलं, ती उघडणारी नव्हतीच.

"गलती मेरी है," काका म्हणाले. "खाली मैंने बोला. पर मेरी गलती रोज गेंदाबाई उठाए, ये नी चलेगा."

"तो करें क्या? सब तोड़ें?" साहेब रुमालातून.

इक्बालभिया दारात उभे होते, सकाळपासून जेवले नव्हते बहुतेक. ते एकदम म्हणाले, "तोड़ना क्यूं साब? जो खाली है ना, उसको खाली कर दो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मतलब जो मेरी वाली खाली है, उसको साब की वाली खाली कर दो. खोद दो! ट्रॉली नीचे उतर जाएगी, मशीन ऊपर की ऊपर."

काका ताडकन उठले आणि त्याच माखलेल्या हातांनी त्यांनी इक्बालभियांना मिठी मारली. "अहो, शहाणे आहात की हो तुम्ही!" हे मराठीत. पहिल्यांदाच त्यांनी मराठीत कुणाचं कौतुक केलं आणि इक्बालभियांना वाटलं शिवी दिली. साहेबांना दोन खालींचा हिशेब कळला नाही. "जो करना है करो, पहले बाहर जाओ," म्हणाले. आमच्याकडे मंजुरी अशीही मिळते.

मग खोदकाम. वर काळी माती, खाली मुरूम. काका दिवसभर काठावर स्टूल टाकून बसलेले. चौथरा खचू नये म्हणून त्याच्या कडेला जाड भिंत, तळाला उतार, कोपऱ्यात पाण्याला पंप. मागच्या फाटकाकडे जमीन तशीही उतरतीच होती, त्यामुळे ट्रॉलीला आत यायला रस्ता आपसूक झाला. यंत्र येऊन ताडपत्रीखाली झाकून पडलं होतं. रोज साहेबांचा फोन, रोज काकांचं तेच उत्तर, "बस साहब, खाली हो रही है."

आणखी एक लढाई उरली होती. यंत्र चालवायला शिकलेला माणूस ठेवू, असं वरून आलं. काका म्हणाले, शिकलेला हवा ना, मग शिकवतो. गेंदाबाईला त्यांनी बटणं शिकवली, गाळ घट्ट आला तर काय आणि पातळ आला तर काय ते शिकवलं. तिला सहज नाही जमलं ते. दोनदा भलतंच बटण दाबून तिनं सगळं बंद पाडलं, एकदा रडली आणि म्हणाली, फावडं बरं होतं. काका चिडले, मागे हात बांधून मराठीत सुरू झाले, "अगं बाई, घाबरतेस कशाला? यंत्र काय तुला खाणारेय?"

गेंदाबाईनं डोळे पुसले. "डरूं नी बाउजी. थांको मंतर अब म्हारे समझ में आवे है." काकांनी मागे बांधलेले हात सोडले.

प्रेस सुरू झाला त्या दिवशी आम्ही सगळे काठाशी जमलो. थोडा वेळ नुसती घरघर. मग तोंडातून पहिला लगदा पुढे सरकला, कडेवर क्षणभर थबकला आणि धप्पकन खाली ट्रॉलीत पडला. इक्बालभियांनी टाळी वाजवली. गेंदाबाई बटणांपाशी उभी होती. तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. कोरडे होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

पुढे काही दिवसांनी काका निवृत्त झाले. हॉलमध्ये कार्यक्रम होता. शाल झाली, श्रीफळ झालं, मालूकाकू धारहून आल्या होत्या. भाषणं सुरू झाली आणि हाराच्या वेळी बघतो तर खुर्ची रिकामी. साहेबांनी मला शोधायला पाठवलं. कुठे असतील ते सांगायची गरज नव्हती.

प्रेस चालू होता. काका अंगावरची शाल सावरत कठड्यावरून इतके वाकले होते की खाली ट्रॉलीत डोकावूनच बघत होते. आणि गेंदाबाई, डोक्यावर पिवळं हेल्मेट नीट बसवलेलं, कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर ओरडत होती.

"बाउजी! पीछे हटो. लाइन के पीछे."

"अरे बाई, आज आखरी दिन है. जरा केक तो देखने दे."

"आखरी-वाखरी कंई नी. मशीन चालू है. म्हारी जिम्मेदारी है."

काकांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मग त्यांनी शालीचा लोंबणारा पदर गोळा करून काखेत धरला, जमिनीवरच्या पिवळ्या रेघेमागे आले आणि शाळेतल्यासारखे ताठ उभे राहिले.

"हौ मैडम," म्हणाले.

इतका खूश झालेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही. ट्रॉली भरली, गेंदाबाईनं सावकाश लाल बटण दाबलं, यंत्र थांबल्याची खात्री केली आणि मग म्हणाली, "अब आओ." तोवर काका त्या रेघेमागून हलले नाहीत, आणि हॉलमध्ये खंडेलवाल साहेब हार हातात घेऊन ताटकळत होते.